होरोम्बोच्या पायरीवरून

टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर मारंगूच्या वाटेने चढणारा प्रवासी दुसऱ्या दिवशी होरोम्बो नावाच्या निवाऱ्यापाशी येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७२० मीटर उंचीवर, उतरत्या छपरांच्या लाकडी झोपड्यांची ही लहानशी वस्ती. आमची ओझी डोक्यावर घेतलेले हमाल आमच्या कितीतरी आधी तेथे पोहोचले होते. आम्ही जवळजवळ रिकाम्या हातांनी येऊनही धापा टाकीत होतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

धुके विरल्यावर झोपडीच्या पायरीवर बसूनच आम्ही शिखरे पाहिली. हा पर्वत तीन ज्वालामुखींचा मिळून झाला आहे. पश्चिमेकडील शिरा केव्हाच खचून पठार झाला. तो येथून दिसत नाही. मावेंझी (५,१४९ मीटर) विझून इतका काळ लोटला आहे की झीज होऊन त्याचे करवतीच्या दात्यांसारखे सुळके तेवढे उरले आहेत. किबो मात्र ५,८९५ मीटर उंच, घुमटासारखा. तो विझलेला नाही, निद्रिस्त आहे, आणि त्याच्या मुखाशी गंधकाचा वास अद्याप येतो. वाचकहो, आपल्या दख्खनचा काळा पाषाणही थिजलेला लाव्हारसच. पण आपल्याकडील अग्नी शांत होऊन कोट्यवधी वर्षे झाली, म्हणून आपण त्यावर निर्धास्तपणे जोंधळा पेरतो.

किबोच्या माथ्यावरील हिम ११ मे १८४८ रोजी योहान्स रेबमान या जर्मन मिशनऱ्याने पाहिले. त्याच्या वाटाड्यास त्या शुभ्र वस्तूचे नाव ठाऊक नव्हते. तो तिला नुसते 'थंडी' म्हणे. रेबमानने हे लिहून कळविताच लंडनमधील भूगोलपंडित कूली यांनी घरबसल्या ते खोटे ठरविले. विषुववृत्तालगत हिम कोठले? बिचारा रेबमान! पुढे १८६२ साली फॉन डेर डेकेन चढले. शिखर काही त्यांना गाठता आले नाही, परंतु वाटेत हिमवर्षाव झाला आणि बहुतेकांचा संशय फिटला. माथ्यावर प्रथम पोहोचले ते मायर व पुर्ट्शेलर, १८८९ साली.

ज्या हिमासाठी एवढा वाद झाला, तेच आता सरत चालले आहे. १९१२ साली त्याने जेवढा माथा व्यापला होता, त्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग २०११ पर्यंत उघडा पडला होता.

सायंकाळी एक वयस्क हमाल आमच्याशेजारी येऊन बसला. आपल्या बालपणी हिम कोठवर उतरलेले असे, ते त्याने काठीने दाखविले. काठीच्या टोकाच्या रेषेत आम्हांस नुसता काळा खडक दिसत होता. आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.