आकाशासाठी एक खुर्ची

दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न मला वर्षाकाठी दोन-तीन जण तरी विचारतात. कुणाच्या मुलाला दहावीला चांगले गुण पडलेले असतात, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाचा आखातातला भाऊ सुट्टीवर येताना काहीतरी आणणार असतो. मग आरसा किती इंची, तिपाई कसली, नेत्रिका किती, अशी चर्चा रंगते. बसायचं कशावर, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. सरकारी नोकराला खुर्चीचं महत्त्व कुणी शिकवायला नको, असं लोक चेष्टेने म्हणतात. त्या चेष्टेचा आधार घेऊनच आज खुर्चीबद्दल चार गोष्टी सांगतो.

आकाश पाहणं हे काम वाटतं तितकं झटपट होणारं नाही. काळोखात आल्यावर डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. फिकट तेजोमेघ किंवा दीर्घिका सरळ रोखून पाहिली तर दिसत नाही; नजर किंचित बाजूला ठेवायची आणि वाट बघायची, म्हणजे हळूहळू ती उमटते. ग्रहांची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. शनीची कडी थरथरत असतात आणि मधेच एखादा क्षण हवा स्थिर होते. तेवढ्यात कड्यांमधली ती काळी रेघ, कॅसिनीची फट, सुईने ओरखडा काढावा तशी लख्ख दिसते आणि पुन्हा विरघळते. असे क्षण पदरात पडायचे तर डोळा नेत्रिकेला लावून निवांत थांबावं लागतं. वाकून, मान तिरकी करून, गुडघे अर्धवट मुडपून माणूस किती वेळ थांबेल? पाच मिनिटांत कंबर बोलू लागते. शरीर डुलतं, श्वास अडतो, आणि मन ताऱ्यावरून पाठीवर येतं. दुर्बिणीने काय दिसू शकतं हे आरसा ठरवतो. आपल्याला त्यातलं किती दिसतं, हे बरंचसं खुर्ची ठरवते.

हे काही माझं संशोधन नव्हे. मोठ्या वेधशाळांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत १८८८ साली छत्तीस इंची दुर्बीण बसवली, तेव्हा निरीक्षकाला शिडीवर चढवण्याऐवजी सबंध जमीनच वरखाली करायची सोय केली. सुमारे सोळा फूट उचलली जाणारी लाकडी जमीन! अमेरिकेतल्याच यर्कीझ वेधशाळेत चाळीस इंची दुर्बिणीसाठी पंचाहत्तर फूट व्यासाची तशीच हलती जमीन केली. ती १८९७ च्या मे महिन्यात कोसळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आणि ती पुन्हा बांधली गेली. पर्सिव्हल लॉवेलचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, १९१४ सालचं. शिडीवजा उंच खुर्चीवर सुटाबुटात बसून हे गृहस्थ दिवसाउजेडी शुक्र पाहत आहेत. याच लॉवेलना मंगळावर कालवे दिसले होते, जे तिथे कधीच नव्हते. तेव्हा चांगली खुर्ची मिळाली म्हणजे दिसलेलं खरंच असेल, अशी हमी नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

आपल्यासारख्या हौशी माणसांपर्यंत मोठी दुर्बीण आणली ती जॉन डॉब्सन यांनी. १९१५ ते २०१४ असं दीर्घ आयुष्य लाभलेला हा माणूस तरुणपणी सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी आणि घासून केलेला आरसा एवढ्यावर त्यांनी दुर्बिणी बनवल्या आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवला. माझी आठ इंची दुर्बीण याच घाटाची आहे. डॉब्सन पद्धतीच्या दुर्बिणीत सगळं स्वस्त आणि सोपं असतं, अडचण एकच. नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाला असते, त्यामुळे नळी जशी वर-खाली होते तसा आपला डोळाही वर-खाली न्यावा लागतो. भिंगाच्या लांब दुर्बिणीत याच्या उलट: तारा डोक्यावर आला की नेत्रिका खाली जमिनीकडे जाते.

मी टेप घेऊन मोजलं. दुर्बीण डोक्यावर रोखली की माझी नेत्रिका जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरवर येते. क्षितिजापासून वीस अंशांवर उतरवली की ८० वर. ताठ बसल्यावर माझा डोळा आसनापासून साधारण ७५ सेंटिमीटर उंच. पुढे झुकलो की ६०. म्हणजे मला आसन २० ते ४५ सेंटिमीटर असं हलवता यायला हवं. शिवाय पृथ्वी थांबत नाही. तासाला पंधरा अंश आकाश सरकतं, आणि पूर्वेला उगवून वर येणाऱ्या ताऱ्यामागे जायचं तर तासाभरात नेत्रिका पंधरा सेंटिमीटर वर गेलेली असते. एकदा बसलो म्हणजे झालं, असं नाही. रात्रभर थोडं थोडं चढत-उतरत राहायचं.

इथे आपल्या गोव्याचा एक खास मुद्दा आहे. आपण साडेपंधरा अंश अक्षांशाच्या आसपास राहतो, म्हणून दक्षिणेचं पुष्कळ आकाश आपल्या वाट्याला येतं. पण ते येतं खाली, माडांच्या शेंड्यांलगत. अगस्त्य फार तर बावीस अंश चढतो. त्रिशंकू त्याहून खाली. ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोळा, आकाशातला सर्वात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, एप्रिल-मेच्या रात्री अकराच्या पुढे दक्षिणेला सत्तावीस अंशांपर्यंत येतो. लंडन-पॅरिसच्या माणसाला तो घरून दिसतच नाही. काणकोण किंवा सत्तरीच्या काळोखात तो आठ इंची दुर्बिणीतून पाहिला, की साखर सांडल्यासारखं वाटतं. म्हणून परदेशी खुर्च्यांची वर्णनं वाचताना ‘किती उंच जाते’ यापेक्षा ‘किती खाली उतरते’ हे आपण आधी बघावं. आपल्याकडची माणसं पाटावर आणि आदाळ्यावर बसत आली आहेत. खाली बसायची लाज आपल्याला नाही.

आता प्रकार. वाद्यवाल्यांचं फिरकीचं गोल स्टूल सहज मिळतं, पण ते पुरेसं खाली येत नाही आणि उंची बदलायला प्रत्येक वेळी उठून गरगर फिरवावं लागतं. कार्यालयातली चाकांची खुर्ची गच्चीवर घसरते, बाहेरच्या जमिनीवर रुतते, आणि तिचा दट्ट्या वीतभरही धड वर-खाली होत नाही. पत्र्याच्या घडीच्या खुर्चीला एकच उंची. खिळ घालून उंची बदलायची स्टुलं असतात; काळोखात ती खिळ गवतात पडली की खेळ संपला. उजेड करून शोधावी, तर अर्ध्या तासाने सरावलेला डोळा एका क्षणात पुन्हा आंधळा.

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरच्या घरी करण्यासारखी एक लाकडी खुर्ची रूढ केली. तिला डेन्व्हर खुर्ची म्हणतात. मागे कललेले दोन खांब, त्यांना मागून आधार देणारा पाय, आणि खांबांवर वर-खाली सरकणारं आसन. खांब कललेले असल्यामुळे आसन वर नेलं तरी बसणाऱ्याचं वजन पायांच्या मधेच पडतं. आसन अडकवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत आसनाची एक आडवी पट्टी खांबांच्या मागून वरच्या अंगाला आणि दुसरी पुढून खालच्या अंगाला असते. बसलं की आसन पुढे झुकू पाहतं आणि दोन्ही पट्ट्या खांबांना करकचून आवळतात. पुढची कड जरा उचलली की पकड सुटते. यात हवी ती उंची मिळते. दुसरीत खांबांना खाचा असतात आणि आसन खाचेत बसतं, शॅकवाल्यांच्या पलंगाची पाठ बसते तसं. मी खाचा निवडल्या. कारण आपलं दंव. डिसेंबरच्या रात्री दोन वाजता लाकडावरून पाणी निथळत असतं, आणि ओल्या लाकडाच्या पकडीवर माझ्या वजनाचा भार टाकायची माझी तयारी नव्हती.

आमच्या वाड्यावरच्या मेस्ताकडे कागदावर चित्र काढून घेऊन गेलो. तो बराच वेळ चित्र उलटंसुलटं करत राहिला आणि म्हणाला, “हें कदेल काय निसण?” खुर्ची की शिडी, हा त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. पण एकदा कल्पना डोक्यात शिरल्यावर त्याने माझ्यापेक्षा जास्त विचार केला. मागचे दोन पाय काढून एकच करायचा, हे त्याचंच. चार पाय सड्यावर कधी टेकत नाहीत. जांभ्याची जमीन म्हणजे खड्डे आणि उंचवटे; तीन पाय कुठेही टेकतात. पुढचे दोन खांब खाली हातभर फाकवले, म्हणजे कुशीवर कलंडायची भीती नको. खांब फणसाच्या लाकडाचे, आसन चांगल्या प्लायवूडचं, बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी, कारण लोखंड आपल्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. खाचा वीस सेंटिमीटरपासून सत्तरपर्यंत, पाच-पाच सेंटिमीटरवर, अशा अकरा. मला पन्नासच्या वर लागत नाही; वरच्या चार लहान मुलांसाठी. त्यांचा डोळा आसनापासून कमी उंच असतो, म्हणून त्यांना उंच बसवावं लागतं आणि पाय ठेवायला आडवी फळी द्यावी लागते. सगळा खर्च एका बऱ्या नेत्रिकेपेक्षा कमी झाला.

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शनी संध्याकाळी सातच्या सुमारास ऐन दक्षिणेला, चांगला उंचावर होता. आई तेव्हा पंचाहत्तरीची. जन्मभर शनिवारी तिने शनीला तेल घातलं, आमच्या साडेसात्या मोजल्या, पण शनी पाहिला नव्हता. म्हणजे सार्वजनिक आकाशदर्शनात एकदा रांगेत उभी राहिली होती; गुडघे वाकेनात, मागचे लोक थांबलेले, म्हणून “दिसला, दिसला” म्हणून बाजूला झाली. घरी येऊन मला म्हणाली, काही दिसलं नाही रे. यावेळी तिला पंचेचाळीसच्या खाचेत बसवलं, चुकलं म्हणून तीस चाळीसवर आणलं. आधी नुसता उजेड. मग काही बोलेना. मग म्हणाली, “खरेंच आसा मरे!” दर मिनिटाला शनी बाहेर सरकायचा, मी नळीला हलकासा धक्का द्यायचो, ती पुन्हा डोळा लावायची. दहा-बारा मिनिटांनी तिने विचारलं, बाजूला ती बारीक टिकली कसली? तो टायटन. मी दाखवला नव्हता. रांगेत तो कुणालाच असा आपणहून सापडत नाही. बसलेल्या माणसाला सापडतो.

तेव्हापासून मी आकाशदर्शनाला खुर्ची आधी गाडीत टाकतो. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’च्या दुर्बिणीतून माझ्या पिढीतल्या कित्येकांना पहिल्यांदा कडी दिसली. त्या वयात आपण कसेही वाकत होतो. आता पाठीचे, गुडघ्यांचे, मानेचे लोक वाढले. लुगड्यातल्या बायकांना वाकून नेत्रिकेला डोळा लावणं किती अवघड जातं, तेही मी पाहिलं आहे. तिथे दोष डोळ्यांचा नसतो आणि कुतूहलाचा तर नसतोच.

सगळ्याच कामाला ही खुर्ची लागत नाही. उल्कावर्षाव पाहायचा तर आडवंच व्हावं. डिसेंबरच्या मध्यावर मिथुनेतल्या उल्का येतात तेव्हा चटई आणि गोधडी पुरते. दोन डोळ्यांच्या द्विनेत्रीसाठी तर आपल्या घराघरांतलं जुनं वोल्तेर उत्तम. त्याचे लांब हात पाय टाकायला केले असले, तरी कोपरं टेकून द्विनेत्री स्थिर धरायलाही तेच हवेत. फक्त ते बाल्कांवातून अंगणात काढायला दोन माणसं लागतात.

२०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी आडवी झाली होती, जवळजवळ नाहीशी. आता ती वर्षागणिक उघडत जाणार, २०३२ च्या सुमारास पुरती रुंद होणार. दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर वेळ चांगली आहे. पण दुकानात जाण्याआधी एकदा मेस्ताकडे जाऊन या. जूनच्या आधी खुर्ची करून घेतलीत तर पावसाळाभर लाकूड घरात मुरेल. चतुर्थी उलटून आभाळ निवळेपर्यंत तिला वाळवी लागू देऊ नका, एवढं बघा.