पातेल्यात काय आहे?

आमची पुतणी जर्मनीत बॉन शहरात शिकते. ज्या बॉनच्या विद्यापीठात 1922 साली परमपूज्य बाबासाहेबांनी आपले नाव नोंदवले होते, तेच हे बॉन. बाबासाहेब तेथे फार काळ राहिले नाहीत, पण पोरीला प्रवेश मिळाला तेव्हा वस्तीतल्या विहारात पेढे वाटले गेले ते मुख्यतः या एका कारणासाठी. पोरगी तिथे जाऊन पहिल्यांदा काय शिकली म्हणाल, तर स्वयंपाक.

तिच्या इमारतीतल्या एका वयस्कर जर्मन बाईंनी तिला एका रविवारी जेवायला बोलावले. ताटात मांसाची जाडजूड गुंडाळी, वर दाट तपकिरी रस्सा, शेजारी जांभळ्या कोबीची गोड-आंबट भाजी आणि बटाट्याचे गोळे. या गुंडाळ्यांना तिकडे रूलाडेन म्हणतात. गोमांसाचे रुंद, पातळ काप घ्यायचे, त्यावर मोहरीची चटणी फासायची, कांदा, खारवलेल्या डुकराच्या मांसाची पट्टी व व्हिनेगरमधली काकडी ठेवून गुंडाळायचे, दोऱ्याने बांधायचे, चांगले तांबूस परतायचे आणि मग दीड-दोन तास मंद आचेवर शिजू द्यायचे. तिकडे हा रविवारचा पदार्थ, सणाचा पदार्थ, पाहुण्यांचा पदार्थ. बाईंनी त्यासाठी ठेवणीतल्या प्लेटा काढल्या होत्या. पोरीने फोनवर ही प्लेटांची गोष्ट आम्हांला तीन वेळा सांगितली. तिचे नवल आम्हांला कळले. आमच्या लहानपणी हेच मांस दार लोटून घेऊन खाल्ले जात असे.

पुढे महिनाभराने तिने तो पदार्थ आपल्या वसतिगृहात करून पाहिला. स्वयंपाकघर सामाईक. चार-पाच भारतीय मुलेमुली तिथेच वरणभात लावतात, एकमेकांचे लोणचे खातात. त्यांपैकी एकाने झाकण उचलले आणि विचारले, पातेल्यात काय आहे?

"काका, मी टर्की म्हटलं," पोरगी म्हणाली. "तोंडातून निघूनच गेलं. मग रात्रभर झोप नाही."

जर्मनीत! जिथे हे मांस दुकानात नावाची चिठ्ठी लावून काचेत मांडतात, तिथे आमच्या घरची मुलगी पातेल्यावर झाकण ठेवून खोटे बोलली.

आम्ही चळवळीतले माणूस. 14 एप्रिलला स्वाभिमानावर अर्धा तास बोलायला सांगा, कागद हातात न घेता बोलू. पण त्या रात्री फोनवर आम्हांला एक वाक्य सुचेना, कारण आमचा डबा आम्हांला ठाऊक होता. कार्यालयात कोणी "आज काय?" असे विचारले की आम्ही "मटण" म्हणतो. समोरच्याने ते बोकडाचे समजावे, अशा बेताने म्हणतो. वाणिज्य शाखेचे पदवीधर आम्ही, हिशेबात चार आण्यांचा फरक निघाला तर घरी जात नाही. आणि ही खोटी नोंद मात्र वर्षानुवर्षे बिनदिक्कत करत आलो. पोरीला काय तोंडाने सांगणार होतो? शेवटी एवढेच म्हणालो, "येत्या रविवारी तू फोनवर कृती सांग. आपण ते घरी करू."

आता गोमांस आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीला बंदी नाही. तेव्हा जे मिळते ते बड्याचे, म्हणजे म्हशी-रेड्याचे. आम्ही रविवारी सकाळी कुर्ल्याच्या कसाईवाड्यात गेलो. कसाईभाईंना समजावू लागलो की तुकडे नकोत, खिमा नको, तळहाताएवढे रुंद, त्याहून लांब आणि करंगळीच्या निम्म्या जाडीचे काप हवेत, मांडीचे. त्यांनी आमचे हातवारे शांतपणे पाहून घेतले आणि म्हणाले, "पसंदे चाहिए, ऐसा बोलो ना!" आम्ही बॉनहून नवी विद्या आणली असे समजत होतो; त्यांच्या घराण्यात ती सुरीच्या टोकावर होती. त्यांनी सहा काप काढून दिले, वजन किलोला थोडे कमी. या पदार्थाचे आम्हांला आवडले ते हेच. याला महागडा, लुसलुशीत भाग लागत नाही. मांडीचे चिवट मांस असते, ते बडवून आणि वेळ देऊन मऊ करायचे.

घरी बडवण्यावरूनच पहिला प्रसंग झाला. आमच्या आयुष्यमती पाट्यावरचा वरवंटा घेऊन काप ठोकू लागल्या. आई बाहेरच्या खोलीत बसली होती. ती हे मांस खात नाही, शिजत असले की आतसुद्धा येत नाही. पण आवाज ऐकून ती दारात आली.

"आगं, असं बडवत्यात व्हय? फाटंल की. आण हिकडं."

पंचाहत्तरीची आई खाली बसली आणि वरवंटा उभा न मारता कडेने दाबत, सरकवत तिने सहाही काप पानासारखे पसरवले. हात जुना होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिने लहानपणी चान्या घालताना पाहिल्या होत्या. मांसाच्या लांब पट्ट्या, दोरीवर वाळत घातलेल्या, पावसाळ्याच्या बेगमीला. मेलेले जनावर ओढून न्यायचे गावकीचे काम आपल्या वाट्याला, आणि त्याचे मांस हीच मजुरी. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते मांस सोडा म्हणून सांगितले. आमच्या घरात ते सुटायला 1956 उजाडावे लागले. दीक्षेनंतर आमच्या आजीने मुर्दाड तर सोडलेच, पण मोठ्या जनावराचे कसलेच मांस घरात येऊ दिले नाही आणि सून आली तेव्हा तिच्याकडूनही तसा शब्द घेतला. आईने तो पाळला. आम्हां पोरांना तिने कधी अडवले नाही, स्वतः मात्र खाल्ले नाही.

आम्ही तिच्याशी पूर्वी वाद घातला आहे. मेलेले ओढून आणलेले वेगळे आणि पैसे मोजून विकत आणलेले वेगळे, असे आमचे म्हणणे. कोणी म्हणेल, धम्मात मुळात मांस बसते का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची हौस यांत फरक केला आहे, तो ज्याने त्याने वाचावा. आईला हा युक्तिवाद पटत नाही असे नाही. ती म्हणते, "तुमचं बरुबर आसंल. पर म्या शबूद दिलाय."

मोहरी आम्ही आदल्या रात्री व्हिनेगरमध्ये भिजवली होती. ती मीठ, चिमूटभर हळद व गुळाचा खडा घालून वाटली. नाकातून झणका गेला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. काकडीची बाटली मोठ्या दुकानातून आणली. किंमत पाहून पुढच्या वेळी घरीच मुरवायची असे ठरले. डुकराची पट्टी गाळली. काप पसरून मोहरी, मिरपूड, कांद्याच्या चकत्या, काकडीची लांब फाक, आणि गुंडाळी. शिवणयंत्रावरचा पांढरा सुती दोरा आईनेच बांधून दिला. रंगीत दोरा घेऊ नये, रंग उतरतो. जर्मन लोक परतायला जे बटरश्माल्झ वापरतात ते म्हणजे आपले साजूक तूपच निघाले. तुपात सहाही गुंडाळ्या सर्व बाजूंनी तपकिरी होईपर्यंत परतल्या. त्याच पातेल्यात गाजर, कांदा व टोमॅटोचा गर चांगला करपायच्या बेतात आणला. रश्शाचा रंग आणि चव इथेच तयार होते, घाई केली तर पाणचट होतो.

फोनच्या पडद्यावरून पुतणी म्हणाली, "आता लाल वाइन."

स्वयंपाकघरात शांतता झाली. आम्ही वस्तीत दारूबंदीच्या फेऱ्या काढलेल्या. पाचवे शील दर पौर्णिमेला सर्वांसोबत मोठ्याने घेणारे. वाइनची बाटली पिशवीतून आणताना कोणी पाहिले असते तर आमची पुढची फेरी कोणी ऐकली असती? आयुष्यमतींनी काळ्या द्राक्षांचा रस आणि चमचाभर व्हिनेगर ओतले. आंबटगोडपणा आला, काम झाले.

तासाभराने त्यांनी झाकण काढून सुरी टोचली आणि म्हणाल्या, "हा गॅस काय बॉनच्या विद्यापीठाचा आहे का?" आणि सगळे कुकरमध्ये घातले. पुतणी ओरडेल असे वाटले होते, पण ती हसली. त्या बाईसुद्धा घाईच्या दिवशी कुकरच लावतात म्हणे. म्हशीचे मांस जरा जास्त वेळ घेते, म्हणून तीन शिट्ट्या आणि मग बारीक आचेवर वीस मिनिटे. मांस मऊ झाले, गुंडाळी मात्र एकही सुटली नाही. रस्सा गाळून, थोडे कॉर्नफ्लोर लावून दाट केला. बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले ते विरघळून गेले. त्यांची पेज झाली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ज्वारीच्या भाकरी थापल्या.

कपाटावरचा, लग्नात आलेला काचेचा संच आम्ही खाली उतरवला. आयुष्यमतींनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि धुवायला घेतला. आईने आपल्या प्लेटमध्ये भाकरी आणि जांभळा कोबी घेतला. "कोबी बरा हाय, पर साखर कशापायी घालायची?" असे तिने नातीला फोनवर विचारले. मांसाकडे तिने पाहिले, रस्सा घेतला नाही. पण त्या दिवशी ती बाहेर गेली नाही, आमच्यातच बसली.

दोन गुंडाळ्या उरल्या त्या सोमवारी डब्यात नेल्या. दुपारी नेहमीप्रमाणे शेजारच्याने विचारले, "आज काय?"

"बड्याचं आहे," आम्ही म्हणालो. "म्हशीचं. जर्मन पद्धतीचं." आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

एक जण "काकडी? मांसात काकडी?" एवढेच म्हणत वाकून पाहत राहिला. आमच्या शिपाई मामांनी एक गुंडाळी उचलून उभ्याउभ्या खाल्ली आणि दोरा हळूच टोपलीत टाकला. वीस वर्षे समोर बसून जेवणारे एक गृहस्थ हात धुवायला उठले ते परत आले नाहीत. मंगळवारी ते खिडकीकडच्या टेबलावर जेवले.

संध्याकाळी पुतणीला हे सर्व सांगितले. "मग?" ती म्हणाली.

"मग काय, एक खुर्ची कमी झाली."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, मोहरी किती आणि व्हिनेगर किती ते परत सांगा, लिहून घेते. रविवारी स्वयंपाकघराची पाळी माझी आहे."