शेजारचा फिल्डर

आज मोसमातली शेवटची मॅच. गुडघ्याला पट्टी बांधून आझाद मैदानावर थर्ड मॅनला उभा होतो. इथे २२ खेळपट्ट्या, मैदानं एकमेकांत गुंतलेली. माझ्या शेजारी भलत्याच सामन्यातला फिल्डर. पाठीला पाठ लावून आम्ही दोघं आपापल्या चेंडूची वाट पाहत होतो. मध्येच त्यानं विचारलं, "काका, स्कोअर काय?" मला सांगता येईना. खरं तर ऑक्टोबरपासूनचा एकही निकाल नीट आठवत नाही. आठवतो तो डब्यातला गार बटाटेवडा आणि हातून सुटलेला एक सोपा झेल.

आता पाऊस येईल. १९४८ पासून पावसाळ्यात रंगणारी कांगा लीग आमच्यासारख्यांची नव्हे. किटबॅग माळ्यावर टाकली. ग्लव्ह्ज मात्र खिडकीतच राहू दिलेत. अजून ओले आहेत, घामानं.