पाठ केलेलें भाषण

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों. हा समज आमच्या पुतणीच्या एका पराभवानें दूर केला.

महाविद्यालयाच्या वादविवाद-स्पर्धेसाठीं तिची निवड झाली, तेव्हां घरांत आनंदीआनंद झाला. आम्हीं उत्साहाच्या भरांत तिला भाषण लिहून दिलें, त्यांत सुभाषितें पेरलीं, टाळ्यांच्या जागा दाखविल्या आणि सर्व मुखोद्गत करविलें. स्पर्धेच्या दिवशीं तीन मिनिटें भाषण उत्तम चाललें. इतक्यांत प्रतिपक्षाच्या एका मुलानें साधासा प्रश्न विचारला आणि ती स्तब्ध झाली. पुढचें वाक्यहि तिला आठवेना. घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "काका, भाषण तुमचें होतें. त्यावरचें उत्तर मी कोठून देणार? मी पुन्हां उभी राहणार नाहीं."

हे शब्द आमच्या जिव्हारीं लागले. पोरीचा धीर आमच्याच हौसेनें खचविला होता.

न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ही वितंडा. सिद्धान्ताआधीं पूर्वपक्ष मांडण्याचा आपल्या शास्त्रग्रंथांचा प्रघात आहे. आम्हीं मात्र तिला पूर्वपक्ष कधीं ऐकविलाच नव्हता.

बरीच समजूत घातल्यावर नवा क्रम सुरू झाला. विद्यापीठांच्या सामन्यांत 'ब्रिटिश पार्लमेंटरी' नांवाची पद्धत रूढ आहे. तींत विषय कळल्यावर तयारीस १५ मिनिटें मिळतात, भाषण ७ मिनिटांचें असतें, आणि पहिलें व शेवटचें मिनिट सोडून प्रतिपक्षास मध्यें प्रश्न विचारूं देण्याची मुभा असते. हेच नियम आम्हीं रात्रीच्या जेवणानंतर घरांत चालविले. विषय वर्तमानपत्रांतून घ्यावयाचा, बाजू नाणें उडवून ठरवावयाची, हातांत चार टिपणांपलीकडे कांहीं नाहीं. आमचे चिरंजीव प्रतिपक्षी. त्याचें म्हणणें आधीं तिनें, तो "हेंच माझें म्हणणें" असें कबूल करीपर्यंत, मांडून दाखवावयाचें, मगच खंडन. मातुश्री परीक्षक. "म्हणजे काय गं?" असें त्यांनीं विचारलें कीं, तोच मुद्दा पुन्हां सोप्या शब्दांत सांगावा लागे. भाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दुसरे दिवशीं आम्ही एकच दोष दाखवीत असूं. एकदम दहा दाखविले तर एकहि सुधारत नाहीं.

पुढील वर्षीं ती पुन्हां उभी राहिली. पारितोषिक दुसरेंच मिळालें, पण एकहि प्रश्न तिनें निरुत्तर सोडला नाहीं.

खरी परीक्षा मात्र गेल्या महिन्यांत झाली. पुढील शिक्षणासाठीं परगांवीं जाण्याचा तिचा विचार. आमचा त्यास विरोध. तिनें आधीं आमच्या सर्व शंका, आम्हांसहि साधल्या नसत्या अशा नेमक्या शब्दांत, मांडल्या आणि शांतपणें विचारलें, "काका, हेंच ना तुमचें म्हणणें?" आम्हीं मान हलविली. मग तिनें एकेकीचें उत्तर दिलें. मातुश्रींनीं या वेळीं "म्हणजे काय?" असें एकदांहि विचारलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत तिला गाडीवर पोंचवावयास आम्हीच जाणार आहों.