उतारावरचा गृहस्थ

माणसाच्या हौशींचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. एक, घरात मावणाऱ्या. आणि दुसऱ्या, घरात न मावणाऱ्या. पोस्टाची तिकिटे जमवणारा, शब्दकोडी सोडवणारा किंवा पेटीवर बोटे फिरवणारा गृहस्थ घरच्यांना फार तर कंटाळा आणील; परंतु तो या क्षणी कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. दुसऱ्या वर्गातला माणूस पहाटे दार ओढून घेतो आणि परत येईपर्यंत घरातल्या कोणाच्या तरी मनाचा एक कोपरा अडवून ठेवतो. नदीत पोहणारे, गडावर चढणारे, तारे पाहण्यासाठी रात्री माळावर जाऊन बसणारे, हे सारे या वर्गातले. मीही त्यांच्यातलाच. वय वर्षे 46, बँकेत नोकरी. घरी आई, पत्नी, 13 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा. घराच्या कर्जाचे हप्ते अजून 9 वर्षे. आणि दर रविवारी सकाळी माउंटन बाइक घेऊन पुण्याच्या वेताळ टेकडीवर जायचे, ही हौस.

पुणेकराला सायकलीचे कौतुक सांगू नये, हे मी जाणतो. हे एके काळी सायकलींचेच शहर होते. माझ्या वडिलांची काळी, 24 इंची सायकल त्यांना तीस वर्षे कचेरीत पोचवीत आली. तिला डायनॅमोचा दिवा होता, साखळीवर पत्र्याचे झाकण होते आणि मागे असे भक्कम कॅरियर होते, की त्यावर दळणाचा डबा आणि प्रसंगी माझी आई, दोन्ही सारख्याच निर्धास्तपणे बसत. त्यामुळे माझी सायकल घरात आली तेव्हा आईने तिची तपासणी जाणकाराच्या अधिकाराने केली.

“स्टँड कुठाय रे?”

“हिला नसतो.”

“मडगार्ड?”

“नाही.”

“कॅरियर?”

“तेही नाही.”

“आणि घंटा?”

“ती मी वेगळी आणली.”

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, मग त्यानं एवढे पैसे घेतले तरी कशाचे?”

पैसे कशाचे घेतले, हे मी तिला समजावून सांगितले. पुढचा काटा दगडावरून जाताना 100 मिलिमीटरपर्यंत दबतो आणि हाताला बसणारा हिसका आपण गिळतो. चाके 29 इंची, म्हणून ती खळग्यात अडकत नाहीत. टायर सव्वादोन इंच रुंद, आणि ब्रेक चाकाच्या कडेला न लागता मधल्या चकतीला लागतात, म्हणून चिखलातही दगा देत नाहीत. आईने सारे ऐकून घेतले. “म्हणजे खड्ड्यातून जायचे पैसे. ते आपल्या रस्त्यावर फुकटात मिळतं,” एवढेच ती बोलली.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचाही या सायकलीवर विश्वास नाही. माझ्या टायरात 30 च्या आसपास हवा असते. मऊ टायर दगडावर बसतो, त्याला लपेटून घेतो, जमिनीला जास्त चिकटतो. कडक टायर दगडावरून उसळतो. हे शास्त्र मी त्याला अनेकदा सांगितले. तो मान डोलावतो, आणि माझी पाठ वळली की टायर नारळासारखा टणक करून ठेवतो. गिऱ्हाइकाला पोकळ हवा देणे त्याच्या धर्मात बसत नाही.

या सायकलीचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली रीतसर शर्यत लावली. दोन मैलांच्या जरा पुढे वाट, आणि उतार 1,300 फुटांचा. त्या सायकलींचा ब्रेक उलटे पेडल मारून लागायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि दर वेळी नवे भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढे 1977 च्या सुमारास जो ब्रीझ या कारागिराने खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडवला, आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. पहिल्याच वर्षी पुरुषांची शर्यत होती, तशी स्त्रियांचीही होती. वास्तविक आमच्याकडचे गवळी दुधाच्या चार कॅन लटकवून बांधावरून आणि ओढ्यातून सायकली हाकीतच होते. परंतु त्यांना कोणी ऑलिंपिकला बोलावले नाही.

माझी शर्यत मात्र वेताळाशीही नाही आणि काळाशीही नाही. ती आहे घरच्या नऊ वाजण्याशी. आमच्या घरात याबाबत एक करार आहे. शनिवारची संध्याकाळ पत्नीची. त्या वेळी ती गाण्याच्या वर्गाला जाते आणि कुकर मी लावतो. रविवारची सकाळ माझी, नऊपर्यंत. नऊला मी दारात असायचे, निदान फोन तरी यायचा. चिरंजिवांनीही करारात आपले एक कलम घुसवले आहे: टायरला लागलेली माती बाहेर धुवायची नाही. दिवाळीच्या किल्ल्यासाठी ती त्याला हवी असते. टेकडीवरची माती बागेतल्या मातीपेक्षा ‘खरी’ असते, असे त्याचे मत आहे, आणि चाकाला चिकटून आलेले ढेकूळ तो सुरीने असे अलगद काढतो, की एखाद्या हलवायाने बर्फी कापावी.

वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. पावसाळ्यात ती हिरवी असते, आणि दिवाळीच्या सुमारास गवत पिवळे पडू लागते. पहाटे मोर ओरडतात. खाणीच्या पाण्यावर धुके असते. फिरायला येणारी मंडळी आमच्या आधीपासूनची, तेव्हा वाटेवर मान त्यांचा. समोरून कोणी आले की घंटा वाजवायची, थांबायचे आणि वाट द्यायची. काही आजोबा हे आनंदाने स्वीकारतात. काही जण “म्युनिसिपालटीनं रस्ते कशाला केलेत?” असे विचारून पुढे जातात. प्रश्न रास्त आहे.

चढ हा तसा सज्जन असतो. तो दम काढतो, पण फसवत नाही. उताराचे तसे नाही. पाऊस थांबून माती वाळली, की मुरूम सुटतो, आणि मग वाट म्हणजे मोहरी सांडलेली फरशी. मागचा ब्रेक दाबून धरला तर चाक घसरते. पुढचा एकदम दाबला तर स्वार पुढे जातो आणि सायकल मागाहून येते. कंबर मागे, दोन्ही पेडले एका पातळीत, बोटे ब्रेकवर हलकी, आणि नजर दूर. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. ज्या दगडाकडे पाहाल, त्याच दगडावर जाल. वाट पाहावी, दगड पाहू नये.

माझ्या नेहमीच्या वाटेवर एक पायरी आहे. काळ्या पाषाणाची, दीड-दोन वीत उंच; तिच्याखाली सुटा मुरूम, आणि लगेच डावीकडे वळण. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बोरीचे जाळे. तरुण मुले ही पायरी उडी मारल्यासारखी उतरतात. मी सहा वर्षे तिथे पाय टेकतो, सायकल हाताने खाली घेतो आणि पुन्हा बसतो. “काका, ब्रेक सोडा, आपोआप जाते!” असा सल्ला मला अनेकदा मिळाला आहे. आपोआप जाते, यात शंका नाही. कोठे जाते, एवढाच प्रश्न आहे. हाडाला प्लास्टर बसले तर ते एकट्या काकांच्या हाताला बसत नाही. ते आईच्या दवाखान्याच्या फेरीला बसते, मुलांच्या शाळेच्या डब्याला बसते आणि पत्नीच्या शनिवारच्या गाण्याला बसते. ही पायरी उतरून चालणे हे मी गृहस्थाश्रमाचे एक कर्तव्य समजतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी मुलीने मागणी केली, की तिलाही टेकडीवर यायचे आहे. मी नेहमीप्रमाणे तिच्या आईकडे पाहिले. ती वाटाणे सोलीत होती. म्हणाली, “मी नाही म्हणणार नाही. पण मला हो म्हणायला लावू नका.” या वाक्याचा अर्थ लावण्यात एक आठवडा गेला, मग आम्ही तिच्यासाठी एक वापरलेली सायकल आणि एक नवे हेल्मेट घेतले. हेल्मेट मात्र पत्नीने स्वतः निवडले, आणि दुकानात स्वतःच्या डोक्यावर घालून, त्यावर बोटांनी ठोकून पाहिले.

मुलगी लवकर शिकली. मुले लवकर शिकतात, कारण त्यांची हाडे आणि त्यांचे मन दोन्ही जमिनीपासून फार उंच नसते. पहिले काही महिने ती त्या पायरीशी माझ्यासारखीच उतरत असे. मग एका रविवारी ती उतरली, पण पुढे गेली नाही. सायकल आडवी ठेवून ती पायरीपाशी उकिडवी बसली. खाली गेली, वर आली. मुरमात बुटाने एक रेघ ओढली. असे तीनदा केले. मी काहीच बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, “बाबा, तू खाली उभा राहा. वळणावर. आणि बोलू नकोस.”

मी माझी सायकल हाताने खाली नेली, झाडाला टेकवली आणि बोरीच्या जाळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. खालून पायरी दिसते. तिच्या वरची वाट दिसत नाही. ती किती मागे गेली आहे, निघाली आहे की नाही, काही कळत नव्हते. एक बुलबुल बोलत होता. मला ब्रेकची, पेडलची, नजरेची सारी सूत्रे आठवत होती, आणि त्यांतले एकही मला उभे राहायला उपयोगी पडत नव्हते. सायकलवर असताना माणसाला हाताला काम असते. भीती बोटांतून ब्रेकमध्ये जाते. खाली उभ्या असलेल्या माणसाकडे ब्रेक नसतो. त्याने फक्त तोंड मिटून उभे राहायचे असते. ते अर्धे मिनिट असेल. माझ्या सहा वर्षांच्या उतारांत त्याएवढा लांब उतार मला भेटला नव्हता.

मग टायरखाली खडी वाजली. हेल्मेट दिसले, त्याखाली दोन डोळे दिसले. ते दगडाकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते, वळणाच्या पलीकडे कोठेतरी होते. पुढचे चाक खाली आले, मागचे आले, सायकल जराशी हलली, एक पाय टेकला, उचलला, आणि ती माझ्या शेजारून निघून गेली. पुढच्या सपाटीवर थांबून तिने मागे पाहिले. “बघितलंस?” एवढेच तिने विचारले. मी “हो” म्हणालो. आवाज नीट निघाला, हे नशीब.

घरी पोचल्यावर तिनेच पोह्यांच्या बशीवर सगळी हकीकत सांगितली, रेघेसकट. पत्नीने ऐकून घेतले, आणि मला विचारले, “आणि तुम्ही कुठून आलात?”

“मी उतरून आलो.”

“बरं केलंत,” ती म्हणाली, आणि दोघांच्याही बशीत आणखी पोहे वाढले. लिंबाची मोठी फोड मात्र मुलीला मिळाली.

त्यानंतरच्या रविवारी मी परत येताना सहज मान वर करून पाहिले. पत्नी गॅलरीत कपडे वाळत घालीत होती. यात नवल काहीच नव्हते. मी येतो तेव्हा ती नेहमीच गॅलरीत कपडे वाळत घालीत असते. पण त्या दिवशी मी जिना चढण्याऐवजी खाली थांबून थोडा वेळ बघत राहिलो. दोरीवर जागा उरली नव्हती. बादली रिकामी होती. ती एक टॉवेल काढीत होती, झटकीत होती आणि पुन्हा त्याच जागी घालीत होती. आईला मी नंतर विचारले, की कपडे किती वाजता होतात. “साडेआठला,” आई म्हणाली. “का रे?” मी म्हटले, “सहज.”

आता करारात एका कलमाची भर पडली आहे, आणि ते मी घातले आहे. त्या पायरीच्या खाली पोचलो, की घरी दोन शब्दांचा निरोप धाडायचा: ‘खाली आलो.’ वाट अजून पाऊण तासाची उरते, पण ती सपाट असते. हल्ली आम्ही नऊला दहा मिनिटे कमी असतानाच पोचतो. कपडे तेव्हा गॅलरीत असतात आणि पत्नी आत पेपर वाचीत असते. क्वचित तिच्याकडून निरोपाला उत्तरही येते. ते बहुधा कोथिंबीर आणण्याविषयी असते.

या वर्षीचा किल्ला उभा राहिला आहे. माती खरी आहे. नरकचतुर्दशीला टेकडी बंद, हे आईने आधीच सांगून ठेवले आहे. पहिली आंघोळ उजाडायच्या आत, आणि ज्याला सायकल न्यायची त्याने भाऊबीज झाल्यावर न्यावी. चिरंजिवांनी महादरवाजापासून पायथ्यापर्यंत मुरमाची एक वाट केली आहे आणि तिच्यात मधोमध एक चपटा काळा दगड आडवा रोवला आहे. “ही ती पायरी,” त्याने मला सांगितले, आणि मग जरा जवळ येऊन विचारले, “बाबा, ताई 13 वर्षांची झाल्यावर गेली. मी कधी जाऊ?” पत्नी शेजारी पणत्या पुशीत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी त्याला म्हणालो, “आधी आईला विचार.” आणि आम्ही दोघेही तिच्या उत्तराची वाट पाहत तिथेच बसून राहिलो.