सोलापूरच्या जुन्या वास्तू

सोलापूर सपाट माळावर वसले आहे. शत्रूस अडवील असा डोंगर जवळपास नाही. जे निसर्गाने दिले नाही ते येथील माणसांनी आपल्या हातांनी निर्माण केले. भुईकोट किल्ल्याभोवती त्यांनी दुहेरी तट उभारला आणि तीन बाजूंनी खंदक खणला. पूर्वेच्या बाजूस सिद्धेश्वराचा तलाव आधीपासूनच होता. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून तो खणविला, असे परंपरा सांगते. म्हणजे तहानलेल्यांसाठी साठविलेले पाणी पुढे किल्ल्याच्याही रक्षणास आले!

बहामनी काळातील या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही कितीतरी वेळा झुंजल्या. चांदबिबीच्या विवाहात तो विजापूरला आंदण म्हणून दिला गेला. १८१८ साली इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. हा इतिहास मोठा खराच. पण किल्ल्यात गेलो की माझी पावले आपोआप बत्तीस खांबांच्या वास्तूकडे वळतात. तेथील नक्षीदार खांब एखाद्या जुन्या मंदिराचे असावेत, असे जाणकार मानतात. राज्ये बदलली, वास्तू बदलली, खांब मात्र निमूटपणे भार वाहत राहिले. ते घडविणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणास ठाऊक नाही. आणि आपण? अशा ठिकाणी गेलो की कोळशाचा तुकडा शोधून आपले नाव तेवढे भिंतीवर लिहितो!

आप्पासाहेब वारद यांनी बांधलेले इंद्रभुवन तुम्ही पाहिलेच असेल. हल्ली ते महानगरपालिकेची वास्तू म्हणून ओळखले जाते. पाश्चात्त्य धर्तीचे स्तंभ आणि आपल्याकडील देवदेवता तेथे शेजारी शेजारी नांदतात. पाहणाऱ्याची मान दुखू लागते, पण मन भरत नाही.

तरीही माझा जीव जडला आहे तो गिरण्यांच्या धुराड्यांवर. १८७७ साली येथील पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणत. मागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून, कर्नाटकातून, दुष्काळी खेड्यांतून माणसे कामासाठी येथे आली. मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच गल्लीत बोलल्या जाऊ लागल्या. माझे आजोबा अशाच एका गिरणीत साच्यावर काम करीत. धुराड्यातून धूर निघाला म्हणजे घरोघरी चूल पेटणार, असा त्यांचा हिशेब असे.

किल्ल्याचे जतन पुरातत्त्व खाते करते. धुराड्याला मात्र कोणी सहसा ऐतिहासिक वास्तू म्हणत नाही. त्याखालच्या जागेचा भाव तेवढा विचारला जातो. मला हे न्याय्य वाटत नाही. तट विटांचा असो वा दगडाचा, तो राजाचे रक्षण करी; या विटांच्या नळकांड्याने हजारो कुटुंबे पोसली. त्याचे वय थोडे म्हणून त्याचा मान थोडा का ठरावा?

आजोबांची गिरणी बंद पडली, तसा पहाटेचा भोंगाही थांबला. पण आजी कित्येक महिने त्याच वेळी उठून भाकरी थापीत असे, आणि आजोबा डबा हातात घेऊन काही वेळ उंबऱ्यावर उभे राहत.