मरियम बूटी आणि साखर

उमराहून परतणारं माणूस खजूर आणि जमजमबरोबर बऱ्याचदा मुठीएवढा एक वाळका, काटकुळा गोळाही आणतं. मरियम बूटी, किंवा मरियम का पंजा. बाळंतपणाच्या वेळी ती पाण्याच्या वाडग्यात ठेवायची. ती उलगडली की सुटका सोपी, असा बायकांचा विश्वास. (सूरह मरियममध्ये त्या प्रसंगी खजुराचं झाड आहे, ही बूटी नाही. पण ते असो.)

माझ्या बहिणीच्या वेळी तिचा रक्तदाब वाढला होता. कळा सुरू झाल्या आणि बूटी उलगडेपर्यंत थांबायचं की रिक्षा बोलवायची, यावर दारातच वाद झाला. रिक्षा बोलावली. भाची आता चार वर्षांची आहे. खाला मात्र अजून म्हणते, "सुकलेली बूटी अल्लाह जिवंत करतो, हे डोळ्यांनी बघूनही तुझा भरवसा नाही?"

उलगडणारी बूटी जिवंत होत नाही. ते झाड मेलेलंच असतं. ओल लागली की गवताचं कुसळ पीळ बदलतं, तशा त्या फांद्या पाणी पिऊन पसरतात, एवढंच. जिवंत असतात त्या आतल्या बिया, आणि त्यांची गोष्ट मला जास्त मोठी वाटते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुपदरी पातळ पडदा असतो. त्या रेणूंच्या डोक्यांमध्ये पाणी असतं, म्हणून ते एकमेकांपासून अंतर राखून मोकळे हलतात. पाणी गेलं की डोकी जवळ येतात, पडदा आखडतो, घट्ट होतो. पुन्हा पाणी मिळालं की तो मोकळा होतो. पण होताना गळतो, आतला माल बाहेर जातो आणि पेशी मरते. पालेभाजी वाळवून भिजवली तर पुन्हा ताजी होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

बी मात्र सुकण्याआधीच साखर साठवते. पाणी निघून जाताना साखरेचे रेणू त्या डोक्यांमध्ये पाण्याच्या जागी बसतात आणि अंतर टिकवतात. पेशीत उरलेला द्रव काचेसारखा थिजतो, सगळं जागच्या जागी थांबतं. एकटी साखर पुरत नाही, काही प्रथिनंही लागतात. जॉन आणि लोइस क्रो या जोडप्याने १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हे काम ट्रेहॅलोज या साखरेवर केलं. हे नाव ज्या ट्रेहालावरून आलं, ते म्हणजे हकिमांच्या दवाखान्यातलं शकर तिगाल. बेकरीतल्या सुक्या यीस्टला तगवणारीही हीच साखर.

खालाला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग ती साखर तिथे ठेवली कुणी?" यावर माझा तिच्याशी वाद नाही. वाद रिक्षाचा होता.

अख्खं झाड सुकून खरोखर परत हिरवं झालेलं बघायचं असेल, तर त्यासाठी अरबस्तानात जायला नको. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. खालाला या पावसाळ्यात सड्यावर घेऊन जायचं ठरवलंय. गुडघ्यांचं बघू.